हातबॉम्ब आणि अप्रमाद



ज्या व्यासपीठावरून आपण संतसाहित्य, नाटक आणि कविता यांवरची व्याख्याने ऐकत आलो, तिथे यंदा हातबॉम्बवर व्याख्यान कशाला, असा प्रश्न पत्रिका वाचून काही मित्रांनी मला विचारला. त्यातून बोलणारा जैन, आणि व्यवसायाने साबुदाण्यापेक्षा लहान गोळ्या देणारा होमिओपॅथ. थोडी थट्टा झाली, ती मी आनंदाने ऐकून घेतली.

विषय निवडण्याचे कारण साधे आहे. आपले बेळगाव छावणीचे गाव. मराठा लाईट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर इथे १९२२ पासून आहे, आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी पलटणीत असतो किंवा पलटणीतून परतलेला असतो. दुसरीकडे, 'हातबॉम्ब फेकला', 'अश्रुधुराची नळकांडी फोडली', 'बळाचा सौम्य वापर केला' ही वाक्ये आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो. या शब्दांच्या आत काय भरलेले असते, हे शब्दांवर प्रेम करणाऱ्या मंडळींनी एकदा उघडून पाहावे, एवढाच आजचा हेतू.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. बंदूक रोखावी लागते, म्हणजे समोर पाहावे लागते. हातबॉम्ब जिथे दिसत नाही तिथे टाकण्यासाठीच जन्माला आला. म्हणून त्याच्या वापराचा न्यायनिवाडा करताना तो किती जोराचा होता, यापेक्षा तो पडणार तिथे कोण आहे हे टाकणाऱ्याने किती जाणून घेतले होते, हा प्रश्न मोठा आहे. रणांगणावर त्याचे उत्तर एक येते, आणि वस्तीत किंवा जमावात दुसरे.

आधी शब्दाकडे पाहू. 'ग्रेनेड' म्हणजे फ्रेंच भाषेत डाळिंब. वर जाड साल आणि आत गच्च भरलेले दाणे. फुटले की दाणे चहूकडे. सतराव्या शतकात लोखंडी पोकळ गोळ्यात दारू भरून, वात पेटवून तो हाताने फेकत. त्यासाठी उंच, दणकट आणि वात जळत असताना न डगमगणारे शिपाई निवडत. त्यांना ग्रेनेडियर म्हणत. आपल्या सैन्यातल्या 'द ग्रेनेडियर्स' या रेजिमेंटच्या नावात तो शब्द अजून आहे. तिचे केंद्र जबलपूरला आहे. पुढे बंदुका सुधारल्या, लढाई लांबून होऊ लागली आणि हातबॉम्ब जवळजवळ अडगळीत गेला.

त्याला पुन्हा बाहेर काढले ते पहिल्या महायुद्धातल्या खंदकांनी. बंदुकीची गोळी सरळ जाते. माणूस जमिनीत खोदलेल्या चरात बसला की गोळी डोक्यावरून निघून जाते. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर काहीतरी वरून आत पडले पाहिजे. युद्धाच्या सुरुवातीला शिपाई मुरंब्याच्या रिकाम्या डब्यांत स्फोटके आणि खिळे भरून बॉम्ब बनवत होते. १९१५ मध्ये बर्मिंगहॅमच्या विल्यम मिल्स यांनी जो बॉम्ब आणला, त्याने हा प्रश्न सोडवला. लिव्हर मुठीत दाबून धरायची आणि पिन काढायची. हात सुटला की लिव्हर उडते, आतली संथ वात पेटते आणि काही सेकंदांनी स्फोट होतो. सुरुवातीला ही मुदत सात सेकंदांची असे. पण तेवढ्या वेळात समोरचा माणूस तोच बॉम्ब उचलून परत फेकू शके, म्हणून हाताने फेकण्यासाठी ती चार सेकंदांवर आणली गेली. याच घराण्यातला ३६ नंबरचा बॉम्ब आपल्या सैन्याने स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके वापरला. पाऊण किलोच्या आसपास वजन, आणि बाहेरून खाचा पाडलेले बिडाचे कवच. त्याची जागा घेण्यासाठी संरक्षण संशोधन संस्थेच्या चंडीगढच्या प्रयोगशाळेने नवा बॉम्ब विकसित केला. नागपूरच्या एका खासगी कारखान्यात तयार झालेली त्याची पहिली खेप २४ ऑगस्ट २०२१ रोजी सैन्याला मिळाली. एकूण मागणी दहा लाखांची होती.

या नव्या बॉम्बला दोन रीती आहेत, आक्रमणाची आणि बचावाची. ऐकणाऱ्याला वाटेल की आक्रमणाचा बॉम्ब अधिक भयंकर असेल. प्रत्यक्षात उलटे आहे. बचाव करणारा शिपाई स्वतः खंदकात असतो, म्हणून त्याच्या बॉम्बभोवती तुकडे उडवणारे कवच असते. आक्रमण करणारा उघड्यावर धावत असतो. त्याच्या बॉम्बचे तुकडे त्यालाच लागू नयेत म्हणून कवच काढून केवळ स्फोटाच्या दाबावर काम भागवतात. चांगला फेकणारा तीसेक मीटरपर्यंत फेकतो आणि एखादा तुकडा त्याहून लांब येऊ शकतो. म्हणजे हातबॉम्बला आपला-परका कळत नाही, हे त्याच्या रचनेतच मान्य केलेले आहे.

आता आपल्या पलटणीची दोन नावे. १० जुलै १९४४, इटलीतले टायबर नदीचे वरचे खोरे. तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावून गेले. पहिला हातबॉम्ब टाकला, त्याने मशीनगन आणि ती चालवणारा बंद पडला. दुसऱ्याला त्यांनी टॉमीगनने टिपले. गोळ्या संपल्या, भरायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने संपवले. लगेच लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय बावीस. माणगाव तालुक्यातल्या या शिपायाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

दुसरे नाव पहिल्या बटालियनचे नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५, इटलीतलीच सेनिओ नदी. ते होते निरोप्या. पुढची तुकडी सुरुंगांत आणि मशीनगनच्या माऱ्यात सापडली. जाधवांनी एका जखमीला पाठीवर घेऊन खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणले. मग दुसऱ्याला आणले. त्यानंतर ते शत्रूच्या ठाण्यावर चालून गेले. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती फेकून देऊन त्यांनी हातबॉम्ब घेतले. एकदा तर ते सरपटत बांधाच्या माथ्यावर आले, पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी बॉम्ब घेतले आणि परत गेले. तीन ठाणी शांत झाल्यावर बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना हात करून बोलावले. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी ठरले.

या दोन प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. बॉम्ब कुठे पडतो आहे आणि तिथे कोण आहे, याबद्दल दोघांना तिळमात्र शंका नव्हती. ज्या ठाण्यातून गोळ्या येत होत्या त्याच ठाण्यात बॉम्ब गेला, आणि टाकणारा स्वतः तितक्याच धोक्यात उभा होता.

जैन माणूस हे कौतुकाने कसे सांगतो, असे कोणाच्या मनात येईल. आपल्या किल्ल्यात १२०४ साली बांधलेली कमल बसदी आहे. तटबंदीच्या आत अहिंसेचे मंदिर उभे राहिले, आणि त्यात कोणाला विसंगती वाटली नाही. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराची मूर्ती घडवून घेणारे चामुंडराय हे गंग राजांचे सेनापती होते. जैन आचारशास्त्राने गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारायचेच म्हणून मारणे ती संकल्पी. ती गृहस्थालाही पूर्ण वर्ज्य. घरकामात घडते ती आरंभी, व्यवसायात घडते ती उद्योगी, आणि आपल्या माणसांचे, देशाचे रक्षण करताना घडते ती विरोधी. शेवटची टाळणे गृहस्थाला शक्य नाही, हे शास्त्राने मान्य केले. तिला पुण्य म्हटले नाही, हेही लक्षात ठेवावे.

पण त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी हिंसेची व्याख्या केली, तिचा गाभा प्रमाद आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, बेफिकिरी. पुढे आचार्य अमृतचंद्रांनी ते आणखी उलगडले. सावधपणे वागणाऱ्याच्या हातून जीव गेला तरी तो हिंसेचा धनी होत नाही, आणि बेफिकिरीने वागणाऱ्याच्या हातून कोणी मेला नाही तरी तो हिंसकच. मुनींच्या पाच समितींपैकी एक आहे आदाननिक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना घ्यायची काळजी. कमंडलू जमिनीवर ठेवण्याआधी मुनिमहाराज ती जागा पाहतात आणि मोरपिसांच्या पिच्छीने हळुवार झाडतात. तिथे एखादी मुंगी असेल. हातबॉम्बची चर्चा करताना मला ही समिती सारखी आठवते. हात सुटल्यावर चार सेकंद उरतात आणि त्या चार सेकंदांत काहीही परत घेता येत नाही. पाहायचे ते पिन काढण्याआधी.

आता पोलिसांकडे वळतो. पोलिसांच्या बॉम्बचे मुख्य प्रकार दोन: डोळे-कान दिपवणारा आणि अश्रुधुराचा. दोन्हींना पूर्वी 'अघातक' म्हणत, आता जाणकार 'कमी घातक' म्हणतात. शब्दातली ही दुरुस्ती अनुभवाने शिकवलेली आहे.

दिपवणारा बॉम्ब १९७० च्या दशकात ब्रिटिश कमांडोंसाठी तयार झाला. ऑक्टोबर १९७७ मध्ये मोगादिशूच्या विमानतळावर अपहृत जर्मन विमान सोडवताना असे बॉम्ब विमानाबाहेर फोडले गेले. आतले सर्व ८६ प्रवासी सुखरूप सुटले. ५ मे १९८० रोजी लंडनच्या इराणी दूतावासात तेच साधन वापरले गेले. बहुतेक ओलीस सुटले, पण पडद्यांना आग लागून इमारत पेटली. अशा बॉम्बचा आवाज जवळून १७० डेसिबलपर्यंत जातो. वर्दळीच्या रस्त्याचा आवाज ८० ते ८५ डेसिबल असतो, आणि दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते. एकाच दणक्याने कानाला कायमची इजा होण्याची मर्यादा साधारण १४० मानली जाते.

स्फोटाने शरीराला होणाऱ्या इजेची पहिली पायरी दाबाच्या लाटेची असते. ती लाट हवा असलेल्या अवयवांना गाठते: कानाचा पडदा, फुप्फुसे, आतडी. बाहेर ओरखडाही नसतो आणि आत रक्तस्राव चालू असतो. दुसरी पायरी उडणाऱ्या तुकड्यांची, तिसरी शरीर फेकले जाण्याची, चौथी भाजण्याची. तुकड्यांबाबत तर १९८० च्या आंतरराष्ट्रीय करारात एक स्वतंत्र नियम आहे: जे तुकडे क्ष-किरणांत दिसत नाहीत अशा तुकड्यांनी जखमा करणे हेच ज्याचे मुख्य काम, असे शस्त्र वापरायचे नाही. का, तर शल्यविशारदाला ते शोधता आले पाहिजेत. युद्धातही जखमीवर उपचार करणाऱ्याचा विचार झाला, ही मानवजातीच्या बाजूने जाणारी गोष्ट आहे. माझ्याकडे कानात सतत शिट्टी वाजते म्हणून येणारे निवृत्त जवान असतात. पडदा फुटल्याचा संशय असला की मी गोळ्या देत बसत नाही, कान-नाक-घशाच्या सर्जनकडे पाठवतो. दिपवणे हा शब्द हलका आहे. कानाला तो हलका नसतो.

आणि हा बॉम्ब ओलीस सोडवण्यापुरता राहिला नाही. अमेरिकेत तो अमली पदार्थांच्या साध्या झडतीतही वापरला जाऊ लागला. मे २०१४ मध्ये जॉर्जिया राज्यात पोलिसांनी रात्री एका घराचे दार ढकलून असा बॉम्ब आत टाकला. तो एकोणीस महिन्यांच्या बाळाच्या बिछान्यात पडला आणि त्याचा चेहरा व छाती फाटली. ज्याला पकडायचे होते तो घरात नव्हता आणि अमली पदार्थही सापडले नाहीत. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरच्या पहाटे फ्रान्समध्ये सिव्हान्स येथे धरणाविरुद्धच्या आंदोलनात पोलीस दलाच्या शिपायाने अंधारात हातबॉम्ब फेकला. त्यात तुकडे उडवणारे कवच नव्हते, साठ ग्रॅम टीएनटी होते. तो एका एकवीस वर्षांच्या तरुणाच्या पाठीवरच्या पिशवीत अडकून फुटला आणि तो जागीच मेला. फ्रान्सने त्या जातीचा बॉम्ब पुढच्याच महिन्यात बंद केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने फ्रान्सने जीविताच्या हक्काचा भंग केल्याचा निर्णय दिला. दोन्ही ठिकाणी टाकणाऱ्याच्या मनात खुनाचा संकल्प नव्हता. तो बॉम्ब कुठे पडणार, हे त्याने पाहिले नव्हते. शास्त्राच्या भाषेत याचे नाव प्रमाद.

अश्रुधुराची गोष्ट आणखी विचार करायला लावते. आपल्याकडे त्याचे साहित्य ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या विभागात तयार होते. तो विभाग १९७६ पासून आहे. १९९३ च्या रासायनिक शस्त्रबंदी कराराने, ज्यात भारतही आहे, अश्रुधूर युद्धात वापरण्यास मनाई केली आणि कायदा-सुव्यवस्थेसाठी मुभा ठेवली. शत्रूच्या सैनिकावर जे टाकता येत नाही ते स्वतःच्या नागरिकावर टाकता येते, हे ऐकून माणूस चमकतो. त्यामागे एक कारण आहे. रणांगणावर ढग दिसला की तो कसला आहे हे शत्रूला कळत नाही आणि तो जीवघेण्या वायूने उत्तर देऊ शकतो. पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी १९१४ सालीच डोळे झोंबवणारा वायू वापरला होता. पुढच्या एप्रिलमध्ये इप्रला जर्मनांचा क्लोरीन आला. कारण पटते, पण त्यातून नागरिकाला कमी इजा होते असे सिद्ध होत नाही. ती जबाबदारी वापरणाऱ्यावर उरतेच.

ती कशी सुटते याचे उदाहरण १ ऑक्टोबर २०२२ चे आहे. इंडोनेशियात मलंगच्या कांजुरुहान मैदानावर फुटबॉलचा सामना संपल्यावर काही प्रेक्षक मैदानात उतरले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, तोही प्रेक्षकांच्या सज्जांकडे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेच्या नियमांत मैदानावर असा वायू आणण्यालाही मनाई आहे. लोक एकदम अरुंद दरवाजांकडे धावले आणि १३५ माणसे गेली, त्यात लहान मुले होती. अश्रुधुराचा हेतू जमाव पांगवणे. पण पांगायला वाट नसेल, तर तो पांगवत नाही, चेंगरतो. नळकांडी सोडण्याआधी दरवाजे मोजायला हवे होते.

आता त्या 'नळकांडी' शब्दाबद्दल. आंदोलनाचे दिवस पाहिलेल्या आपल्या सीमाभागातल्या ज्येष्ठांना अश्रुधूर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तरीही बातमीत 'नळकांडी फोडली' असे आले की दिवाळीतला फटाका आठवतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बगदादच्या तहरीर चौकात जी नळकांडी वापरली गेली, ती लष्करी धाटणीची होती, नेहमीच्या पोलिसी नळकांडीहून कितीतरी पट जड. ती बंदुकीतून थेट माणसांच्या दिशेने सोडली गेली आणि डॉक्टरांनी काढलेल्या छायाचित्रांत ती कवटीच्या आत दिसली. आंदोलक धुराने मेले नाहीत, नळकांडीने मेले. नळकांडी वर, कमानीत सोडायची की समोर छातीच्या उंचीवर, एवढ्या फरकाने साधनाचे शस्त्र होते.

जैनांच्या पाच समितींत एक भाषासमितीही आहे, बोलण्यातली काळजी. ती मला या सभागृहात विशेष महत्त्वाची वाटते. 'सौम्य लाठीमार' लिहिणाऱ्याने लाठी खाल्लेली नसते. माझी सूचना लहान आहे. बातमी लिहिणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने तीन गोष्टी विचाराव्यात: काय टाकले, किती अंतरावरून कोणत्या दिशेने टाकले, आणि तिथून लोकांना बाहेर पडायला वाट होती का. ही उत्तरे बातमीत असली तर विशेषणाची गरज उरत नाही.

कायदाही वेगळे सांगत नाही. बेकायदा जमाव हटवण्यासाठी सैन्य बोलवावे लागले, तर कमीत कमी बळ आणि माणसांना व मालमत्तेला कमीत कमी इजा, हे तत्त्व जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि २०२३ च्या नव्या संहितेतही आहे. संयुक्त राष्ट्रांची पोलिसी बळाबाबतची १९९० ची तत्त्वे तेच सांगतात: आधी बिनहिंसक उपाय, मग गरजेपुरते बळ, आणि जखमीला लगेच उपचार. हे नियम पोलिसांच्या विरोधात नाहीत. दगड अंगावर येत असताना संयम राखणे किती अवघड असते, हे पोलिसांच्या घरातल्यांना विचारावे. म्हणूनच शिक्षण आधी हवे, हुकूम देणारा जबाबदार अधिकारी जागेवर हवा, आणि नंतर हिशेब मागितला गेला पाहिजे. यातली एक गोष्ट गाळली की सगळा भार त्या एका शिपायाच्या मुठीवर येतो.

नामदेव जाधवांच्या हातात बॉम्ब होता आणि सिव्हान्सच्या शिपायाच्या हातातही होता. वस्तू जवळपास तीच. एकाने समोरचे ठाणे पाहिले होते, दुसऱ्याने अंधारात फेकला. पलटणीत गेलेल्या आपल्या मुलांचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाच. पण अभिमान धाडसाबरोबर त्या पाहण्याचाही असावा. शस्त्र ज्याच्या हाती सोपवतो, त्याच्याकडून अप्रमादाची अपेक्षा करणे हा समाजाचा हक्क आहे. आणि ती अपेक्षा स्पष्ट, नेमक्या मराठीत बोलून दाखवणे हे आपल्यासारख्या मंडळांचे काम आहे.